तिसरा गिअर का सुटत होता: एल्सिनोरचा गिअरबॉक्स आणि येझदीचा पाय

गाडी १९७४ सालची होंडा सीआर २५०एम, म्हणजे सगळे जिला एल्सिनोर म्हणतात ती. जागा ओहायोतल्या लेक्सिंग्टनजवळचं मिड-ओहायो. जुलैत तिथे जुन्या मोटरसायकलींचा मोठा मेळा भरतो आणि त्यातच जुन्या गाड्यांचं मोटोक्रॉसही, म्हणजे खडबडीत मातीच्या ट्रॅकवरची शर्यत, होतं. चालवणारे मूळचे मिरजेचे, साठीच्या उंबरठ्यावरचे. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. तक्रार एका वाक्याची: चढाला रेस दिली, म्हणजे ॲक्सिलरेटर पिळला, की तिसरा गिअर सुटतो.

अण्णांचं ठाम मत होतं की पन्नास वर्षांची गाडी आहे, झिजणारच. ते काही खोटं नाही. पण इंजिन खोलल्यावर जे दिसलं त्यात नुसत्या वयाची झीज नव्हती. अण्णा शर्यतीत क्लच जवळजवळ वापरत नाहीत, आणि क्लच न दाबता गिअर टाकण्याची त्यांची पद्धत वेगळ्याच गाडीवर घडलेली होती. त्या पद्धतीनेच गिअरबॉक्स खाल्ला. प्रकरण लिहून ठेवतोय ते यासाठी, की भारतात टू-स्ट्रोकवर हात बसलेले आणखी काही जण आता इकडे जुन्या मोटोक्रॉस गाड्या घ्यायला लागलेत.

गाडी आणि वर्ग

एल्सिनोर आली १९७३ मध्ये. तोवर होंडा म्हणजे फोर-स्ट्रोक. सोइचिरो होंडांना टू-स्ट्रोकचं प्रेम नव्हतं. तरी कंपनीने मोटोक्रॉससाठी २४८ सीसीचं, एका सिलिंडरचं, पाच गिअरचं टू-स्ट्रोक बनवलं आणि कॅलिफोर्नियातल्या लेक एल्सिनोर इथल्या प्रसिद्ध शर्यतीचं नाव त्याला दिलं. त्याच वर्षी गॅरी जोन्सने तिच्यावर अमेरिकेची २५० सीसी राष्ट्रीय मोटोक्रॉस स्पर्धा जिंकली. गाडी शंभर किलोच्या आत, पिकअप अंगावर येणारा. आजही जुन्या गाड्यांच्या मैदानावर तिची गर्दी असते.

इथे या शर्यती मुख्यतः अमेरिकन हिस्टॉरिक रेसिंग मोटरसायकल असोसिएशनच्या नियमांनी चालतात. अण्णांचा वर्ग साधारण १९७४ पर्यंतच्या गाड्यांचा. त्यात सस्पेन्शनची हालचाल पुढे सात इंच आणि मागे चार इंच यापुढे चालत नाही. हा नियम गिअरबॉक्सच्या गोष्टीत कशाला, असं वाटेल. पण मागचं चाक चार इंचांतच वरखाली होणार असेल तर खड्ड्यांच्या ओळीवर ते सारखं जमीन सोडतं आणि परत पकडतं. प्रत्येक वेळी चेन ढिली होते, मग ताणली जाते आणि तो झटका थेट गिअरबॉक्सपर्यंत पोचतो. शिवाय सीटवरून उभं राहावं लागतं आणि उभ्या माणसाचा पाय गिअर लिव्हरवर कुठे, किती दाबून आहे हे त्याचं त्यालाच कळत नाही.

घडत काय होतं

ट्रॅकवर एक घट्ट डावं वळण आहे, त्याच्या लगेच पुढे चढ. अण्णा वळणात दुसऱ्यावर असत. बाहेर पडताना रेस उघडी ठेवून तिसरा टाकत. गिअर पडल्यासारखा वाटे, गाडी दोन-तीन गाडीच्या लांबीएवढी ओढे आणि मग एकदम काहीच नाही. इंजिन किंचाळतं, गाडी चढावर मेल्यासारखी, मागून येणारे दोघं-तिघं बाजूने निघून जातात. एकदा तर तोल जाऊन टाकीवर छाती आपटली.

पहिला प्रश्न मी विचारला तो हाच: गिअर टाकताना मधेच न्यूट्रल लागतं, की गिअर पडून गाडी ओढायला लागल्यावर सुटतो? दोन्हीत चालवणाऱ्याला अनुभव सारखाच, इंजिन रिकामं फिरतं. पण आजार वेगळे. टाकतानाच मधे अडकत असेल तर बहुतेक वेळा पाय अर्धवट पडलेला असतो, लिव्हरची उंची चुकलेली असते किंवा लिव्हरने फिरणाऱ्या शिफ्ट ड्रमला जागेवर धरणाऱ्या रोलरची स्प्रिंग मेलेली असते. यातलं बरंचसं क्रँककेस न फोडता दुरुस्त होतं. गिअर पडून, ओढून, जोराखाली सुटत असेल तर मात्र गिअरचे डॉग (गिअर एकमेकांत अडकवणारे ठोकळे) किंवा फोर्क (गिअर ढकलणारा काटा) गेला असं धरून चालावं आणि इंजिन खोलायची तयारी करावी.

अण्णांचा गिअर जोराखाली सुटत होता. ऑईल काढलं तर पॅनच्या तळाला चकाकणारी बारीक भुकटी. काही कण तर बोटाला टोचत होते. क्लच प्लेटचा काळसर गाळ वेगळा दिसतो. हे सरळ पोलाद होतं.

क्लच न दाबता गिअर पडतो कसा

अशा गिअरबॉक्समध्ये सगळे गिअर एकमेकांना कायम लागलेलेच असतात. लिव्हर मारली की दात दातात जात नाहीत. एका शाफ्टवर सरकणारा गिअर शेजारच्या गिअरकडे ढकलला जातो आणि त्यांच्या बाजूला उभे असलेले जाड ठोकळे, म्हणजे डॉग, एकमेकांत अडकतात. ढकलण्याचं काम फोर्क करतो. फोर्कला हलवतो शिफ्ट ड्रम, ड्रमला लिव्हर.

डॉगच्या कडा सरळ उभ्या नसतात, किंचित आत कललेल्या असतात. त्यामुळे जोर आला की दोन गिअर एकमेकांना जवळ ओढतात आणि घट्ट बसतात. दोन्ही हातांची बोटं वाकवून एकमेकांत अडकवा आणि जोरात ओढा. ओढताय तोवर ती बाजूला सरकणार नाहीत, ढील दिली की लगेच सुटतात. गिअरचंही तसंच. इंजिन चाकाला ओढतंय तोवर चालू गिअर बाहेर येणार नाही, कितीही लाथ मारा.

क्लच दाबल्यावर तो जोर नाहीसा होतो, म्हणून गिअर सहज बदलतो. पण जोर नाहीसा करायचा दुसरा रस्ता मनगटात आहे. रेस क्षणभर सोडली की इंजिन चाकाला ओढायचं थांबतं. थोडा वेळ आणखी बंद ठेवली तर उलट चाक इंजिनला ओढू लागतं आणि डॉग दुसऱ्या बाजूने अडकतात. या दोन अवस्थांच्या मधे एक फटीएवढा क्षण असा असतो की डॉगवर कुणाचाच जोर नाही. क्लच न दाबता गिअर टाकणं म्हणजे ती फट पकडणं. आजच्या रेसिंग गाड्यांतली क्विकशिफ्टर यंत्रणा हेच करते, पण मनगटाऐवजी इग्निशन काही मिलिसेकंद तोडून.

टू-स्ट्रोकमध्ये ही फट जरा रुंद मिळते, कारण रेस सोडल्यावर इंजिनचा ब्रेक फारसा लागत नाही. एका सिलिंडरच्या जुन्या मोठ्या फोर-स्ट्रोक गाडीवर, उदाहरणार्थ जेफ स्मिथने १९६४ आणि १९६५ ची ५०० सीसी जागतिक स्पर्धा जिंकली त्या जातीच्या बीएसएवर, रेस सोडताच इंजिन चाकाला मागे खेचतं आणि फट लगेच मिटते. त्या गाड्यांवर हे तंत्र शिकायला जास्त वेळ लागतो.

आता नवा गिअर. समजा दुसऱ्यावर इंजिन ७००० आरपीएमवर आहे आणि दोन गिअरमधला फरक १.३ पट. तिसऱ्यावर त्याच वेगाला इंजिनला साधारण ५४०० वर यावं लागणार. म्हणजे क्रँक आणि क्लच बास्केटचं फिरतं वजन १६०० ने खाली आणायचं. क्लच दाबला असेल तर बराचसा फरक प्लेट घसरून पचवतात. क्लच न दाबता ते काम डॉगच्या कडांवर येतं. मातीत मागचं चाक थोडं घसरतं आणि झटका त्यात जिरतो, म्हणून मातीवर हे खपून जातं. पण वळणातून बाहेर पडताना, सुकून कडक झालेल्या जागी, चाक घसरत नाही. अण्णांचा चढ नेमका तसा होता.

इंजिन खोलल्यावर

एल्सिनोरचं क्रँककेस उभं फुटतं, त्यामुळे गिअरबॉक्स पाहायचा तर क्रँकसकट सगळं इंजिन खोलावं लागतं. एवढं खोललंच तर क्रँकचे ऑईल सील बदलूनच बंद करावं. जुने सील हवा ओढतात, मिश्रण पातळ होतं आणि पिस्टन धरतो. गिअरबॉक्सच्या नादात हे राहून गेलं तर पुढच्या शर्यतीला दुसरंच दुखणं समोर येतं.

तिसऱ्याच्या डॉगवर कोपरे राहिलेच नव्हते. ज्या कडेने गिअर ओढतो ती कड पार गोल झालेली, नखाने तपासली तर सरकून जात होती. आणि तो गोल भाग आरशासारखा चमकत होता. मागची, म्हणजे रेस सोडल्यावर जोर घेणारी कड जवळजवळ नव्यासारखी. बाकीच्या गिअरवर वयाला शोभेल एवढीच झीज.

खरी गोष्ट फोर्कने सांगितली. तिसऱ्याचा फोर्क काचेवर ठेवला तर एक टोक उचललेलं, म्हणजे वाकलेला. आणि गिअरला टेकणाऱ्या त्याच्या दोन पॅडपैकी फक्त एकाच बाजूला निळा डाग. पोलाद निळं पडतं ते तापल्यावर. फोर्क स्वतः फिरत नाही. गिअर त्याच्या खाचेत हजारो आरपीएमने फिरतो आणि फोर्कने तिथे नुसतं सैल उभं राहायचं असतं. एकाच बाजूला निळा डाग याचा अर्थ, गिअर पडून गेल्यावरही कुणीतरी फोर्कला त्या बाजूला दाबून धरत होतं. तो कुणीतरी म्हणजे लिव्हरवरचा पाय.

येझदीचा पाय

मी अण्णांना विचारलं, "तुम्ही गिअर टाकल्यावर पाय लगेच काढता का?"

"लगेच कशाला? गाडी उचलते तोवर ठेवतो की," अण्णा म्हणाले. "अरे, येझदीला कुठं क्लच लागायचा? रेस तशीच ठेवायची, पायानं दाबायचं आणि गाडी उचलायला लागली की सोडायचं. मिरज-सांगली कितीदा गेलोय तसं. क्लच केबल तुटली तरी कुणाला पत्ता लागायचा नाही."

इथे माझ्या डोक्यात दिवा लागला. म्हैसूरला बनलेल्या जावा आणि त्यानंतर १९७३ पासून आलेल्या येझदीत गिअर लिव्हरच क्लच सोडवते. लिव्हरच्या शाफ्टला एक कॅम असतो. पाय दाबला की आधी क्लच सुटतो, मग ड्रम फिरतो. पाय उचलला की क्लच परत बसतो. म्हणून त्या गाड्यांवर डाव्या हाताने काही न करताही चालू गाडीचे गिअर बदलता येतात. क्लचचा हात लागतो तो मुख्यतः गाडी उभी असताना आणि निघताना. तिथे पाय दाबून ठेवण्याला अर्थ आहे, कारण पाय म्हणजेच क्लच. रेस थोडी उघडी राहिली तरी चालतं, कारण जोर क्लचने सोडवलेला असतो. आणि पाय हळू सोडणं हेच शहाणपण, कारण एकदम सोडला तर झटका बसतो.

एल्सिनोरमध्ये तो कॅम नाही. तिथे तोच पाय असं करतो: रेस उघडी असताना लिव्हरवर जोर येतो, दुसरा गिअर जोराखाली अडकलेला, त्यामुळे सगळा जोर फोर्कवर. फोर्क वाकतो. मग चाक एखाद्या खड्ड्यावर जमीन सोडतं, क्षणभर भार जातो आणि गिअर स्प्रिंगसारखा सुटून तिसऱ्याच्या डॉगवर कोपऱ्यावर आपटतो. इंजिन अजून वरच्या आरपीएमवरच. कोपरे गोल होतात. त्यानंतरही पाय लिव्हरवरच, म्हणून पॅड तापतो. कोपरे गोल झाले की डॉग जवळ ओढण्याऐवजी एकमेकांना बाहेर ढकलू लागतात आणि वाकलेला फोर्क गिअर पुरता आत नेत नाही. चढावर सर्वांत जास्त जोर, म्हणून तिथे सुटतो. तिसराच का, तर त्या ट्रॅकवर दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाणं सर्वांत जास्त वेळा आणि सर्वांत भरल्या रेसवर होतं.

आणि मुळात क्लच का सोडला, तर अण्णांचा डावा हात दुखत होता. जुन्या गाडीची क्लच केबल कडक, दुसऱ्या मोटोपर्यंत, म्हणजे शर्यतीच्या दुसऱ्या फेरीपर्यंत, कोपरापासून मनगटापर्यंत हात दगडासारखा होतो. हे कारण मला पूर्ण मान्य आहे.

दुरुस्ती

फोर्क सरळ करून वापरायचा मोह होतो. करू नये. वाकलेला फोर्क सरळ केला तरी पॅडचा कडकपणा तापून गेलेला असतो, तो परत येत नाही. चांगला वापरलेला फोर्क मिळाला, तो लावला.

डॉगचे दोन रस्ते होते. गोल झालेले डॉग वेल्डिंगने भरून परत कापायचे, किंवा त्याच गिअरची दुसरी, कमी झिजलेली जोडी आणून तिच्या कडा किंचित आत कापून घ्यायच्या. मी दुसऱ्याच्या बाजूचा. गिअरचं पोलाद वरच्या थरातच कडक केलेलं असतं. वेल्डिंगच्या उष्णतेने तो थर मरतो आणि परत नीट कडक करणं प्रत्येकाच्या आवाक्यातलं काम नाही. कापतानाही तोच धोका. तीन ते पाच अंश पुरतात. त्याहून जास्त कापलं की कडक थर संपतो, शिवाय डॉगमधली मोकळी जागा वाढून रेस उघडता-मिटताना गाडी धक्के देते. समोरासमोरचे दोन्ही गिअर सारख्या कोनात कापावे लागतात, एकच कापून भागत नाही. जोडणी करताना शाफ्टचा आडवा खेळ शिम, म्हणजे पातळ चकत्या, घालून मॅन्युअलमध्ये दिल्याएवढा केला, कारण खेळ जास्त असेल तर नवा डॉगही पुरता बसत नाही.

क्लचकडे मी गिअरबॉक्सइतकंच लक्ष दिलं. नवी केबल, तिचा रस्ता मोठ्या वळणाचा, हँडलवरचा लिव्हर थोडा लांब, प्लेटचे तापलेले पत्रे बदलले. दोन बोटांनी दाबता येईल एवढा क्लच हलका झाला. याशिवाय बाकी सगळं शिकवणं वाया गेलं असतं. ज्याचा हात दुखतो तो क्लच वापरणारच नाही.

गिअर लिव्हर एक खाच वर चढवली. मोटोक्रॉसच्या बुटाचं टोक जाड असतं आणि अण्णा उभे असताना ते कायम लिव्हरला खालून टेकलेलं असे.

पाय आणि मनगट

पायाची सवय मोडणं सर्वांत अवघड. वर जाताना लिव्हरला आधी हलका ताण द्यायचा असतो, म्हणजे भार सुटला की गिअर त्याच क्षणी निघतो. अण्णा म्हणायचे, मग मी तेच तर करत होतो! फरक जोराचा आणि वेळेचा. ताण अंगठ्याने द्यायचा, मांडीने नाही, आणि तो रेस सोडण्याच्या अगदी आधी. मनगट पाव वळसा मागे, तोच पाय वर, तोच मनगट परत पुढे आणि पाय पेगवर, म्हणजे पाय ठेवायच्या दांडीवर. पाय पेगवर परत येणं हा गिअर टाकण्याचाच भाग आहे, हे मी त्यांना इतक्या वेळा सांगितलं की ते वैतागले.

सराव मोकळ्या, सपाट गवतावर केला, ट्रॅकवर नाही. आधी अर्ध्या रेसवर तिसऱ्याचा चौथा, कारण वरच्या गिअरमधला फरक कमी असतो आणि फट सहज सापडते. मग दुसऱ्याचा तिसरा. कानाने कळतं. बरोबर पडला तर इंजिनचा आवाज एका पायरीने उतरतो, मधे कुठे चढत नाही. चुकला तर आधी आवाज चढतो आणि मग ठक्क. रेस जास्त वेळ बंद ठेवली तर आवाज लांब उतरतो आणि लिव्हर पायाखाली कडक लागते. डॉग उलट्या बाजूने अडकले.

पहिल्याचा दुसरा मात्र क्लच दाबूनच, यावर मी अडून बसलो. मधे न्यूट्रल आहे आणि दोन गिअरमधला फरक सर्वांत मोठा. स्टार्टच्या गर्दीत तिथे न्यूट्रल लागलं तर मागची सगळी रांग अंगावर येते.

खाली येताना काय करायचं, यावर आमचं एकमत झालेलं नाही. इथले कित्येक मुरलेले रायडर खाली येतानाही क्लचला हात लावत नाहीत. रेस बंद असताना चाक इंजिनला ओढत असतं, म्हणून तिथे उलट करावं लागतं: रेस जराशी उघडून भार काढायचा, त्या क्षणी गिअर खाली मारायचा आणि इंजिनला खालच्या गिअरच्या आरपीएमवर चढू द्यायचं. सपाट जागी हे सुंदर होतं. पण ड्रम ब्रेक, चार इंचांचं सस्पेन्शन, वळणाआधीच्या खड्ड्यांची ओळ, आणि उजव्या हाताची दोन बोटं आधीच पुढच्या ब्रेकवर. त्यातच त्याच हाताने रेस मोजून द्यायची. मागचं चाक उडालेलं असताना खालचा गिअर पडला तर ते जमिनीला लागताच लॉक झाल्यासारखं घसरतं. माझं मत, एका बोटाने क्लच नुसता स्पर्शला तरी पुरे. अण्णांना ते पटत नाही.

पुढे काय झालं

पुढच्या हंगामात तिसरा एकदाही जोराखाली सुटला नाही. चढावर अण्णांना कुणी फुकटात गाठत नाही. जे गाठतात ते खरोखर वेगवान आहेत. नको तेव्हा न्यूट्रल दोनदा लागलं, दोन्ही वेळा पहिल्या-दुसऱ्याच्या मधे, दोन्ही वेळा क्लच न दाबल्यामुळे. त्याबद्दल अण्णा काही बोलत नाहीत.

हिवाळ्यात इंजिन परत खोललं, पिस्टन रिंगसाठी. फोर्कचे दोन्ही पॅड सारखे राखाडी, निळं काही नाही. तिसऱ्याच्या डॉगच्या कडा नखाला लागत होत्या. चौथ्याच्या फोर्कवर मात्र एका बाजूला हलकी पिवळट झाक आहे, म्हणजे लांब सरळ पट्ट्यावर पाय अजून रेंगाळतोय. गिअरबॉक्सचं ऑईल आता प्रत्येक शर्यतीनंतर एका पांढऱ्या कपड्यातून गाळतो आणि त्या कपड्यावर काय उरलं ते अण्णांना फोटो काढून पाठवतो.